जनेलच्या शेजारची जागा

"कितीही घासलंत तरी तिथं काही सापडायचं नाही."

आवाज थेट डोक्यावरून आला आणि शॉना दचकली. ओल्या गवतात गुडघे टेकून ती थडग्यावरचा काळा दगड मऊ ब्रशने पुसत होती. दुसऱ्या हातात आरसा, अक्षरांवर तिरका उजेड पाडायला. समोर एक उंच माणूस उभा होता... पायात रबरी बूट, टोपीवरून पाणी निथळतंय.

"जन्माचं साल स्पष्ट आहे, मृत्यूचं झिजलेलं दिसतंय," ती म्हणाली. "जरा बाजूला होता का? उजेड अडवताय."

"झिजलं नाही. अजून कोरलंच नाही." त्याने टोपी काढली. "लॉकलन गिलिस. तो मीच."

शॉनाने दगडाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. डावीकडे जनेल, दोन्ही सालांसकट. उजवीकडे लॉकलन, एकाच सालाचा. जोडीदार गेला की मागे राहिलेल्याचंही नाव कोरून ठेवायची इथली रीत तिला काय ठाऊक नव्हती? पण तशी नावं म्हाताऱ्याकोताऱ्यांची. हा तर पस्तिशीचाही नव्हता! एकाच अपघातात दोघंही गेली असतील, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

"माफ करा... मी तुम्हाला मेलेल्यांत धरलं."

"गावानेही धरलंय. तुम्ही निदान खात्री तरी करत होतात."

शॉना हसली, आणि आपण थडग्यासमोर हसलो म्हणून लगेच ओशाळली. त्याला मात्र ते हसू आवडलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर.

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाच्या त्या किनाऱ्यावर समुद्र दर हिवाळ्यात दफनभूमीचा काठ गिळत होता. कड्यावरचे दगड खाली खडकांवर पडून फुटत होते. दूर बॉस्टनला, ओंटारिओला गेलेल्यांची नातवंडं आपल्या माणसांचा ठावठिकाणा विचारत, आणि शॉना मॅकिसॅक दगड पडायच्या आत त्यांच्यावरचा मजकूर उतरवून घेत होती. वारा असा, की कानशिलं बधिर व्हावीत.

"तुम्हाला दुसरं काम नाही?" तिने विचारलं.

"शेवंडं पकडायचा हंगाम संपला. बोट ओढून ठेवली. आता मुलींना थडगी दाखवत हिंडतो."

"बऱ्याच येतात वाटतं?"

"पहिलीच—"

तो आरसा धरायचा, ती वाचायची. काठाजवळ एकाच घरातल्या मुलांची रांग होती. घटसर्पाच्या एका हिवाळ्यात सगळी गेलेली. शॉना एकेक नाव मोठ्याने वाचत होती आणि अक्षरांवरचा उजेड थरथरायला लागला.

"नको ना वाचूस," तो म्हणाला. अहोजाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"मी नाही वाचलं तर कोण वाचणार, लॉकलन?"

मग थर्मासमधला चहा आणि ओटची बिस्किटं वाटून घेताना त्याने जनेलबद्दल सांगितलं. पुलावरचा बर्फ, घसरलेली गाडी. शवपेटीजवळ सासूने विचारलं होतं, तुझंही नाव घालू ना?

"त्या दिवशी कुणी खाडीत उडी मार म्हटलं असतं, तरी मी हो म्हटलं असतं."

शॉनाने त्याच्या गार बोटांवर हात ठेवला. तो ठेवला आणि मग उचलवेना. हा माणूस आपल्याला हवा आहे, हे तिला तिथेच, त्या भिजलेल्या गवतात, लख्ख कळलं. आणि लगेच पणजी आठवली.

"माझी पणजी दुसरेपणाची होती," ती हळूच म्हणाली. "पणजोबा पहिल्या बायकोजवळ झोपलेत. छान दगड आहे. त्यांची मुलं वाढवली ती माझ्या पणजीने. पण ती कुठे आहे, कुणालाच माहीत नाही. तिला शोधता शोधताच मी या कामात पडले... मला तसं हरवायचं नाही रे."

तो उठला. "दगडवाल्याला बोलावतो. माझी बाजू तासून काढू दे. सगळं पॉलिश गेलं तरी चालेल."

शॉनाला आनंद झाला. खोटं कशाला बोलायचं... खूप आनंद झाला.

दगडवाला यायचा त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की समुद्र नुसता ऐकू येत होता. शॉना आधी पोचली. दगडापाशी जनेलची आई, मिसेस बीटन, काठीवर रेलून उभी होती.

"तूच ना ती? थडगी वाचत फिरणारी?"

"हो."

"लग्न करणार त्याच्याशी?"

"त्याने अजून विचारलं नाही."

"विचारेल. भित्रा आहे, पण विचारेल." म्हातारीचा आवाज कोरडा होता. "कर बाई. तो जिवंत आहे याचाच मला कितीतरी दिवस राग यायचा. आता नाही येत. पण त्याला इथून काढू नका गं... माझ्या मुलीला अंधाराची भीती वाटायची. मोठी झाली तरी दिवा लावून झोपायची. ती इथे एकटी कशी राहील?"

शॉनाला वाद घालता आला असता. मेलेल्यांना कसली भीती, म्हणता आलं असतं. पण इतके दगड वाचल्यावर ते म्हणणं तिला जमलं नाही. "नाही काढणार," ती म्हणाली. म्हातारीने मान हलवली आणि काठी टेकत धुक्यात निघून गेली.

थोड्या वेळाने लॉकलन धावतच आला. "दगडवाला पाच मिनिटांत—"

"परत पाठव त्याला."

"काय? शॉना, मी तुझ्यासाठी—"

"माहीत आहे. म्हणूनच सांगतेय. तू जनेलपाशीच झोपायचं."

"आणि तू? तुझी पणजी... तूच म्हणालीस—"

"मी म्हणाले." तिचे डोळे भरून आले, पण आवाज ढळला नाही. "उद्या कुणी आपल्याला शोधत आलं, तर त्यांना तू इथे सापडशील, तिच्याजवळ. मी नाही सापडणार. मला त्याचं वाईट वाटतं, लॉकलन. आयुष्यभर वाटेल. तू समजूत काढायला जाऊ नकोस."

तो जागच्या जागी रडायला लागला. आवाज न करता, मुलासारखा नाक पुसत. "मग मी तुला देऊ काय? माझ्याकडे आहे काय दुसरं?"

शॉनाने दोन्ही हातांनी त्याचा ओला चेहरा धरला.

"मेलेला तू तिचा," ती म्हणाली. "मला जिवंत हवास. जितका उरला आहेस तितका... सगळा."