तीन खडे

"आत्या, काठी काढा. शेवटचं सांगतेय," सोनिया म्हणाली. "पोरी गारठल्यात."

सासूनं काठी काढली नाही. बागेच्या चिंचोळ्या फाटकात हरणाबाई ती आडवी धरून उभी होती, या खांबापासून त्या खांबापर्यंत.

"आत जाताना तीन, भायेर येताना चार. ह्ये कसं झालं त्ये कळंपातूर कुनी फाटक वलांडायचं न्हाई."

"तुम्ही स्वतःलाच मोजलं असेल."

"मेंढका सवताला मोजत न्हाई."

धनाजी हसला. "आये, कंपनीत मी दिसभर नग मोजतो. माझंबी चुकतंय कवातरी."

"तुझं चुकतंय. माझं चुकलं असतं तर तुझ्या बानं मला वाघरीच्या तोंडाशी बसवली नसती."

बोलली ते खोटं नव्हतं. आटपाडीच्या माळावर तिची उभी हयात मेंढरांमागं गेली. सांज झाली की मेंढरं कोंडायच्या जाळ्याच्या कुंपणाला, वाघरीला, एकच फट ठेवायची, मेंढरू आत गेलं की एक खडा पदरात. सकाळी मेंढरू बाहेर पडलं की एक खडा खाली. दोनशे सोळा मेंढरं, चाळीस वर्षं, एका खड्याची चूक नाही. पुढं धनाजी साताऱ्यात नोकरीला लागला, कळप विकला गेला, पण हाताची खोड काही विकता आली नाही. जत्रा असो, लग्नाचा मांडव असो, घरची माणसं आत निघाली की म्हातारी वाकून खडे उचलायची. सोनियाला आधी लाज वाटे, मग तिनं बघायचं सोडून दिलं.

आज रविवार म्हणून चहा झाल्यावर सगळी कॉलनीतल्या बागेत आली होती. बाग कसली, एक घसरगुंडी, दोन झोके आणि मेंदीचं उंच कुंपण. तिथं फारसं कुणी फिरकत नसे. हरणाबाईचे गुडघे धरलेले, म्हणून ती फाटकाच्या आतल्या बाकड्यावर टेकली. घरची माणसं तिच्यासमोरून आत गेली. तिनं पदराला तीन खडे बांधले.

ऊन कलेपर्यंत झोक्यांकडून खिदळणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं. चिमण्याही थांबल्या. गावामागच्या किल्ल्याची सावली उतरत उतरत झोक्यांवर आली, आणि कुठूनसा भिजलेल्या लोकरीचा वास सुटला. पाऊस नाही, पाणी नाही, मेंढरू तर दहा मैलांत नाही. पण वास तोच, वाघरीतला, जड आणि उबट. तेवढ्यात बागेचा राखणदार आप्पासो याची बाग बंद करायची शिट्टी वाजली आणि घरची परतली. धनाजी आला, खडा खाली. सोनिया, खडा खाली. एक नात, खडा खाली. दुसरी नात...

पदर रिकामा होता.

तिनं ते तीन खडे परत उचलले, मुठीत आवळले आणि काठी आडवी धरली. तिथून हे भांडण.

"मग सांगा ना, कोण आपली नाही?" सोनियानं विचारलं. "शिवांजली? का अंकिता? दोघींची बाळंतपणं तुम्हीच केलीत."

हरणाबाईच्या छातीवर तेच तर ओझं होतं. तिला सगळं आठवत होतं. शिवांजलीला शेकायला पेटवलेली शेगडी आठवत होती, सव्वा वर्षानं आलेल्या अंकिताचं बारसं आठवत होतं. दोघी तिच्या कुशीत झोपायच्या. दोघींवर जीव सारखाच. पण खड्यांना आठवण नसते, म्हणून तर त्यांना कुणी फसवू शकत नाही.

"या गं, दोघीबी या."

मेंढी आपलं पिल्लू हुंगून ओळखते, तशी ती एकेकीच्या टाळूवर वाकली. सकाळी लावलेलं तेल दोघींच्या केसांना होतं. आणि तेलाखाली तो लोकरीचा वास, तोही दोघींना.

मग तिची नजर पायांकडं गेली. शिवांजलीच्या उजव्या पायात लाल चप्पल, डावा अनवाणी. अंकिताच्या डाव्या पायात लाल चप्पल, उजवा अनवाणी. दोघींत मिळून एकच जोड.

"दुसरी चप्पल कुठाय गं?"

"हिच्या पायात," दोघी म्हणाल्या. एका दमात... एकाच आवाजात.

सोनियानंही पाहिलं. मग तिनं दोघींना पोटाशी ओढलं. "असू दे. मी एकीलाही इथं सोडणार नाही. सोडायची तर कोणती, ते तुम्ही सांगा आत्या. सांगा."

काय सांगणार? बोट चुकीच्या पोरीकडं गेलं तर रक्ताची नात कुलपाआड राहायची.

आप्पासो किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला. पलटणीतला निवृत्त माणूस, अंगात खाकी स्वेटर.

"आप्पासो, आत किती गेली, भायेर किती आली, तुमी मोजता का?"

"आधी मोजायचो," तो सावकाश म्हणाला. "आता न्हाई."

"का वं?"

"काय मोजायचं? जेवढी येत्यात तेवढीच जात्यात. एखादं जास्त झालं, तर बाग आपली आपून एक ठिवून घेती. ल्हान-मोठं बघत न्हाई." त्यानं पाचही जणांवरून नजर फिरवली आणि हरणाबाईपाशी आणून थांबवली. "येताना तुमी चारच हुता न्हवं, आजी? तुमाला धरून?"

हरणाबाईनं मुठीतले खडे चाचपले. पोरी सोनियाच्या पदराआडून तिच्याकडं बघत होत्या. डोळे चारही तिच्याच लेकाचे.

"तुमी हितं कवापासनं हाय?" तिनं हळूच विचारलं.

आप्पासोनं फाटकापलीकडं, कॉलनीत लागलेल्या दिव्यांकडं पाहिलं. "मीबी असाच आल्तो... घरच्यांसंगं."

"काय चाललंय तुमचं?" धनाजी वैतागला. "आये, बास झालं. चल घरला."

हरणाबाईनं काठी खाली घेतली. वाकून वाटेवरचा एक खडा उचलला, मुठीतल्या तिनांत मिसळला आणि चारही खडे सोनियाच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटवली. मग ती मागं सरून बाकड्यावर बसली. आप्पासो तिच्याशेजारी येऊन टेकला.

"आत्या, हे काय? उठा... मी तुम्हाला सोडून जायची नाही."

"जायाचं. चार आलो हुतो, चारच जावा, मी हितं बसती. आनि घरी पोचल्यावर, सोनिया, परत कुनाला मोजू नगंस."