एकलाईच्या सड्यावर

“भाकरी चौघांच्या घ्या!” मालू म्हणाली. “येताना आप्पा असणार न्हवं आपल्यासंगं!”

पारिसाने एकदा ब्राह्मीकडे पाहिलं आणि आणखी दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या, पाण्याचा भोपळा लांब दोरीसकट खांद्याला अडकवला.

साल होतं एकोणीसशे सदतीस. दिवाळीच्या सुट्टीत ब्राह्मी निपाणीहून आत्याकडे आली होती. आत्याचं गाव खानापूरच्या पश्चिमेला, एकलाई डोंगराच्या पायथ्याशी. आत्याच्या यजमानांचं तिथं किराणा दुकान होतं. पारिसा हा आत्याचा मुलगा, चौदा वर्षांचा. ब्राह्मीहून दोन वर्षांनी मोठा. ब्राह्मीची थोरली बहीण नुकतीच लग्न होऊन संकेश्वरला गेली होती, आणि तेव्हापासून ब्राह्मीचं बोलणंच आटलं होतं. “चार दिवस हवापालट होऊ दे,” असं म्हणून आईने तिला इकडे धाडलं. पण इथेही ती दुकानातल्या पोत्यावर गप्प बसून राही. तिला बोलतं केलं ते शेजारच्या मालूने. आणि आता मालूवरच आभाळ कोसळलं होतं.

मालूचे वडील भरमू हलकारे होते, टपालाची थैली वाहायचे. आठवड्यातून दोनदा ते एकलाई चढायचे, माथ्यावरचा सडा, म्हणजे दोन मैलांचा उघडाबोडका कातळ, ओलांडायचे आणि पलीकडच्या वाड्यांवर उतरायचे. परवा ते गेले ते पलीकडे पोहोचलेच नाहीत!

पाटील मारुतीरावांनी खानापूरच्या रस्त्यावर दोन माणसं धाडली. ती हात हलवत परत आली.

“सड्यावर बघूया की,” कुणीतरी म्हणालं.

“सड्यावर चुकायला काय झालंय? खुणंच्या दगडांवरनं आंधळाबी पार जाईल!” पाटील गरजले. “थैली घिऊन पळाला भरमू!”

झालं! चावडीत निकाल लागला. म्हणून तर ही तिघं आज भल्या सकाळी निघाली होती.

अर्ध्या चढावर ठेकेदाराचा तळ लागला. झाडं तोडणारी माणसं चहा पीत बसली होती. मुकादम उठून आडवा आला.

“कुठं निघालासा रं पोरानू?”

“भरमू हलकाऱ्याला बघितलासा काय?” पारिसाने विचारलं.

“कोन न्हाय बघितलं. वर धुकं हाय. फिरा माघारी!” मग मान वळवून तो जोडीदाराला हळूच म्हणाला, “कल्लिन सुद्दी हेळब्याड!”

ब्राह्मीचे कान टवकारले. निपाणीच्या बाजारात तिचा निम्मा दिवस कन्नडमध्येच जायचा. दगडांचं काही सांगू नकोस? कसले दगड?

“मामा, काय म्हणलासा?” तिने भोळेपणाने विचारलं.

“पाऊस येईल म्हणलं.”

“व्हय काय! मग जातो बाई घरी!”

तिघं मुकाट्याने खाली वळली. वळण ओलांडलं, तळ दिसेनासा झाला आणि तिघांनी कोरड्या ओढ्यातून थेट वरचा रस्ता धरला!

सड्यावर पाऊल टाकताच ब्राह्मी थबकली. एवढं रिकामं तिने कधी पाहिलं नव्हतं. झाड नाही, पाखरू नाही. वारा गवतावरून सरपटत होता आणि आपल्याच पावलांचा आवाज मागून कुणी येत असल्यासारखा वाटत होता. ठरावीक अंतरावर कमरेएवढे दगडांचे ढीग उभे होते, प्रत्येकावर चुन्याचा पट्टा.

तिसऱ्या ढिगापाशी मालू थांबली. “वाट हितनं डावीकडं जाती. ह्यो ढीग उजवीकडं कसा?”

पारिसा वाकला. “हे बघा! दगडावर बाहेरनं उगवणारं दगडफूल आतल्या अंगाला! उन्हापावसाचं तोंड आत असतंय व्हय कधी?”

“आणि इथं बघ!” ब्राह्मी डावीकडे धावली. गवतात ढिगाएवढं वाटोळं पडलं होतं. मातीत दगडांचे ओले खळगे अजून ताजे होते. “ढीग इथं होता. उचलून तिकडं रचलाय!”

“पण कशाला?”

“पलीकडची लाकडं आणून कड्यावरनं लोटायची असतील त्या तळावरच्यांना. त्या वाटेला खुणा हव्यात. नवे दगड कोण हुडकत बसणार?”

मालूचं तोंड पांढरं पडलं. एवढ्यात धुकं आलं. आधी कडा गेला, मग ढीग गेले, मग पारिसाची टोपीसुद्धा दिसेना.

“परवाबी असंच धुकं हुतं,” मालू पुटपुटली.

“मग आप्पा या ढिगांवरनंच गेले असणार,” ब्राह्मी म्हणाली. “आपणही तसंच जायचं.”

“मुद्दाम चुकायचं?” पारिसा ओरडला.

“मुद्दाम चुकायचं! पण एकेक पाऊल चाचपून.”

भाकरीचं फडकं सोडून, भाकऱ्या मालूच्या ओच्यात टाकून, तिघांनी त्याची टोकं घट्ट धरली. धुकं जरा विरळलं की पुढचा ढीग हेरायचा. चौथा ढीग, पाचवा, सहावा... सातव्यापुढे ब्राह्मीच्या पायाने एक खडा उडाला. तो पडल्याचा आवाजच आला नाही.

“थांबा!”

तिघं खाली बसली. आणि मग खालून, अगदी बारीक, छुम छुम असं ऐकू आलं.

“आप्पाची काठी!” मालू किंचाळली. जंगलातली जनावरं बाजूला व्हावीत म्हणून हलकाऱ्याच्या काठीला घुंगरं असतात. “आप्पा! आप्पा वोऽ!”

“मालू? पुढं येऊ नगंस!” खालून खोल गेलेला आवाज आला. “पाय मोडलाय. कातळाच्या हातभर फळीवर पडलोय बघ. थैली उशाला हाय.”

तिथे तिघांच्या हातून काही होण्यासारखं नव्हतं. दोर हवा, माणसं हवीत. धुक्यातून वाट फक्त मालूला ठाऊक, आणि एकट्या पोरीचं पाटील ऐकणार नाहीत, म्हणून पारिसाही हवा.

“मी थांबते,” ब्राह्मी म्हणाली. “नाहीतर जागा परत सापडायची नाही.”

मालूने भाकरी आणि पाण्याचा भोपळा त्याच्याच बारीक दोरीला बांधून खाली सोडला. मग दोघांची पावलं दूर गेली. मग तीही ऐकू येईनात.

पांढऱ्या, ओल्या धुक्यात ब्राह्मी एकटी उरली.

“पोरी,” खालून हाक आली, “बोलत ऱ्हा बघ. दोन रात्री डोळा लागू दिला न्हाय. आता झोप आली तर घसरंन मी.”

बोलायचं! आत्ताआत्तापर्यंत जिला शब्द सुचत नव्हता, तिने आता बोलायचं! तिने निपाणीचा बाजार सांगितला. बहिणीचं लग्न सांगितलं, वरातीत घोडं कसं बुजलं ते सांगितलं. सांगण्यासारखं सगळं संपलं. मग तिने पाढे सुरू केले. तीसपर्यंतचे झाले, मग पाव-अर्ध्याचे, पावकी झाली, निमकी झाली. घसा सुकला. धुकं हलेना.

“भरमूमामा, झोपलासा काय?”

तिने काठाशी पालथं पडून पुन्हा हाक मारली.

“मामा! सवायकी चुकली माझी! सांगा की!”

“हां... हां. जागा हाय.”

ब्राह्मीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, पण आवाज तिने कापू दिला नाही. “मामा, हितं एकटं चालताना एकटं वाटत न्हाय?”

“वाटतंय की! अठरा वर्सं वाटतंय,” भरमू सावकाश म्हणाले. “मग मी त्या ढिगांसंगं बोलतो. राम राम म्हनायचं, घरचं चार शब्द सांगायचं, म्होरं जायचं.”

“ते ऐकतात?”

“न्हाय गं. पर आपन मुकं ऱ्हात न्हाय.”

ब्राह्मीने घसा खाकरला आणि सवायकी पहिल्यापासून सुरू केली.

उन्हं कलताना माणसांचा गलका ऐकू आला. पुढे मालू, मागे दोर खांद्यावर घेतलेली दहा-बारा माणसं आणि धापा टाकणारे पाटील!

“थैली कुठाय?” पाटलांनी आल्या आल्या विचारलं.

“भरमूमामांच्या उशाला!” पारिसा गालात हसत म्हणाला. “माणूस सापडला म्हणलं तर कोण उठंना. थैली कड्यात अडकलीय म्हणलं, सगळा गाव दोर घिऊन पळाला!”

पाटलांनी मान खाली घातली आणि स्वतः दोराला हात घातला.

भरमूंना झोळीतून खाली आणलं. दुसऱ्या दिवशी चावडीत बोलावलेला मुकादम ढिगांबद्दल आधी कानावर हात ठेवू लागला, तेव्हा ब्राह्मीने त्याचंच वाक्य त्याला त्याच्याच कन्नडमध्ये ऐकवलं. गडी गारच झाला! सगळे ढीग जागच्या जागी रचून देईन म्हणून त्याने कबूल केलं.

“शाब्बास गं पोरी!” पाटील म्हणाले. “मोठ्यांना जमलं न्हाय ते तुम्ही केलंसा. माग, काय पायजे?”

ब्राह्मी उभी राहिली. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. “भरमूमामा पळाला, असं तुम्ही इथंच सगळ्यांसमोर म्हणालता. आता तो पळाला नव्हता, असंही इथंच, तेवढ्याच मोठ्यानं म्हणा!”

पाटलांनी पागोटं काढून हातात घेतलं. “चुकलो मी. भरमू पळाला न्हवता. थैली संबाळत पडला हुता.” आणि दाराशी उभ्या असलेल्या मालूच्या आईला, गुणाबाईंना, त्यांनी हात जोडले.

दोन दिवस बायकांच्या नजरा चुकवायला गुणाबाई उजाडायच्या आत पाणी आणत होत्या. त्या दिवशी दुपारी, टळटळीत उन्हात, त्यांनी घागर कमरेवर घेतली आणि भर रस्त्याने पाणवठ्याकडे निघाल्या. मालू आणि ब्राह्मी कळश्या घेऊन त्यांच्या दोन बाजूंना चालत होत्या.