पिठाच्या डब्यातली कॅसेट

जळगावला पिंप्राळ्याकडे आमचं दोन खोल्यांचं घर आहे. मागून रेल्वेची लाइन जाते. मी डाळ मिलमध्ये पॉलिशच्या मशीनवर काम करतो. तुरीचा बारीक भुसा दिवसभर नाकातोंडात जातो, म्हणून मला कोरडा खोकला आहे. एकदा, दोनदा, आणि मग घसा खाकरणं. गल्लीच्या तोंडाशी तो खोकला ऐकला की मंजुळा तवा चढवायची. मी दारात पाय धुऊन आत येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची.

मंजुळा, माझी बायको, पौषात गेली. कावीळ झाली होती. दवाखान्यात आठवडाभर होती, मग घरी आणलीच नाही.

फाल्गुनात एका शुक्रवारी मिल बंद होती. घरात कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ तसंच पडून होतं. त्याला किडे लागले असतील म्हणून मी डबा परातीत ओतला. पिठातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक कॅसेट निघाली.

घरात टेपरेकॉर्डर होता. मंजुळाचा भाऊ पितांबर लिबियात वेल्डर होता. तिकडून परत आला तेव्हा त्याने तो बहिणीला दिला. भजनाच्या कॅसेटी फळीवर उघड्या असायच्या. ही मात्र पिठात का? कव्हरवर मोठ्या मिशांचा, खांद्यापर्यंत केस वाढवलेला माणूस होता. हातात लांब दांड्याचं तंतुवाद्य. खाली लिहिलेलं अक्षर इंग्रजीसारखं, पण वाचता येईना.

मी ती लावली.

तारा खणखणल्या. तुणतुण्याला विजेचा शॉक दिला तर निघेल तसा आवाज. मग एक बाजा, जो एका सुरात टिकतच नव्हता, पाण्यात बुडून वर आल्यासारखा डुलत होता. माणूस गात होता तो विहिरीच्या तळातून. प्रत्येक शब्द भिंतीला लागून परत येत होता. आणि ढोल लंगडत होता. भजनात टाळ कुठे पडणार ते हाताला आधी कळतं. इथे मी मांडीवर थाप दिली की ढोल पुढे गेलेला असायचा. दोन, दोन, दोन, आणि मग तीन. पुन्हा दोन.

ढोलाच्या खाली दुसरा एक आवाज होता. ओल्या पिठावर हात पडल्याचा.

मंजुळाची डाव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. लग्नाआधी मिलच्या पट्ट्यात सापडली होती. म्हणून भाकरी फिरवताना तिला एक थाप जास्त लागायची. दोन, दोन, दोन, तीन. एवढी वर्षं मी तो आवाज भिंतीच्या अलीकडून ऐकला होता. दुसऱ्या कोणाचा हात तसा पडत नाही. मधेच परातीला बांगडी लागली. ती काचेची होती. तेही मी ओळखलं.

मी टेप बंद केला. पहिला विचार आला तो चांगला नव्हता. माझ्या स्वयंपाकघरात बसून कोणीतरी हे भरून घेतलं होतं. मी मिलमध्ये असताना.

शेजारच्या ताईबाईची आणि आमची भिंत एकच आहे. त्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी आडून विचारलं, माझ्या मागे घरी कोणी येत होतं का?

"कोन ई भाऊ? कोनीच नही," त्या म्हणाल्या. "गानं लायी दे आन् भाकरी थापत बसे. रोज दुपारले. मी इचारं, मंजुळा, भाऊना डबा तं सकायलेच गया, मंग हाई कोनसाठे? ती नुसती हासे."

दुपारची भाकरी मी कधी खाल्ली नव्हती. संध्याकाळी डब्यात शिळी भाकरीही कधी दिसली नव्हती. मग ती कोण खात होतं?

"आते तुम्ही सैपाकले बाई लायी, चांगलं करं," ताईबाई म्हणाल्या. "लपाडतस कसाले? दुपारले थापानं आयकू येस ना मले."

त्या हसल्या. मी कोणतीही बाई लावली नव्हती. दुपारी घराला कुलूप असतं आणि किल्ली माझ्या खिशात असते.

पुढच्या सुट्टीला मी धुळ्याची एसटी धरली. पारोळ्याला चहासाठी गाडी थांबली तेव्हासुद्धा उतरलो नाही. कॅसेट खिशात होती, तिच्यावर हात ठेवून बसलो. पितांबर तिथे देवपूरला राहतो. ग्रिलचं दुकान आहे त्याचं. मला बघून त्याने वेल्डिंगचा चष्मा वर केला.

"दाजी! निरोप नही, काही नही?"

मी कॅसेट त्याच्यासमोर ठेवली. "ही कोणी दिली तिला?"

माझ्या आवाजात काय होतं ते त्याला कळलं असावं. तो जरा मागे सरला.

"मीच दिधी. सीलबंद दिधी. आमना कॅम्पमा तुर्की क्रेनवाला व्हता, त्यानी जाताना मले दिधी. तठला लोके जेवन झायं का या गानावर टाळ्या वाजाडेत. मना हात चुके. बठ्ठा हासेत मले. आन् आक्कानी पहिल्याच दाव आयकं, आन् परातवर बोटे वाजाडी दाखाडं. सांगे, पितांबर, हाई मना हातमा पहिलेपासून शे."

"हिच्यावर कोणी काही भरलंय का?"

त्याने कॅसेट उलटी करून मागची कड दाखवली. कंपनीच्या भरलेल्या कॅसेटीची तिथली पट्टी तोडलेली असते, मग तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. हिची तोडलेली होती. वरची चिठ्ठीही जशीच्या तशी होती.

त्याने दुकानातल्या टेपवर ती लावली. तारा वाजल्या. ढोल सुरू झाला. पितांबर एक पाय हलवत ऐकत होता. मग पाय थांबला. बांगडी परातीला लागली तेव्हा त्याने हात पुढे करून टेप बंद केला. त्याच्या हातावरचे केस उभे राहिलेले मी पाहिले.

"दाजी," तो हळू म्हणाला, "आखाजीले तिनी घागर भरा. आन् हाई पांझरामा टाकी द्या. आजच."

परतताना मी नदीच्या पुलावर थांबलो खरा. खाली पांझरेत पाणी थोडंच होतं. कॅसेट खिशातून काढली आणि परत ठेवली. तिचा फोटो आहे माझ्याकडे, पण फोटोत हात दिसत नाहीत.

आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, मी ती रोज ऐकली. मिलमधून आलो की आधी टेप लावायचो, मग पाय धुवायचो. गाणं हळूहळू मलाही कळू लागलं. हात चुकेना. पण गाण्यातल्या थापा ऐकताना प्रत्येक वेळी तेच डोक्यात यायचं: कोणासाठी?

आखाजीच्या सकाळी मी मंजुळाच्या नावाने पाण्याची घागर भरली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. पुरणाचे मांडे मला येत नाहीत. ताईबाईंनी आमरसासकट सगळं आणून दिलं.

"पहिले आगारी टाका," त्या दारातूनच म्हणाल्या. "ती चांगली पेटू द्या, मंग जेवा. आन् तिना ताटनासंगे तुमनं ताट मांडू नका भाऊ. गयेलनं आन् जित्तानं एक पंगत नही करतस."

मला ते माहीत होतं. माझ्या आईनेही वडिलांची घागर भरली तेव्हा हेच सांगितलं होतं.

आगारीसाठी मी निखारे काढले, त्यावर तिच्या नावाचा घास ठेवला, तूप सोडलं. टेप लावून ठेवला होता, तिने ऐकावं म्हणून. तूप चरचरलं, पण ज्योत उठली नाही. मी फुंकलं. परत तूप टाकलं. घास नुसता काळा पडत गेला. तिने तो घेतला नव्हता.

मंजुळा आयुष्यभर माझ्यानंतर जेवली. मी कधी म्हटलं नाही की तूही बस.

मी तिच्या ताटासमोर माझं ताट मांडलं आणि जेवायला बसलो.

रस संपेपर्यंत टेप वाजत होता. मी जेवून उठलो. तिच्या ताटाकडे बघितलं नाही. नंतर ते गाईला घातलं.

त्या संध्याकाळी परत कॅसेट लावली. तारा, बाजा, विहिरीतला आवाज, लंगडा ढोल. ढोलाखाली काहीच नव्हतं.

मी पुन्हा लावली. काही नव्हतं. घागर पोचली होती तर. मी भिंतीला टेकून खूप वेळ रडलो. टेप बंद करायचं राहून गेलं.

गाणं संपलं. कॅसेटची फीत नुसती सरसरत राहिली.

मग थाप पडली.

दोन, दोन, दोन, तीन. या वेळी ढोल नव्हता. जवळून येत होती.

जमिनीवर ताट ठेवल्याचा आवाज आला.

मग दुसरं ताट.

कोणीतरी बसलं. भाकरी मोडली. मी कान लावला. इतके दिवस मला हेच हवं होतं. कोण होता तो, ते मला ऐकायचं होतं.

तो खोकला. एकदा, दोनदा. मग त्याने घसा खाकरला.

दुसऱ्या दिवशी मी कॅसेट पिशवीत घातली, पिठात दाबली आणि कामाला गेलो. दिवसभर मशीनवरून हललो नाही. संध्याकाळी आलो तेव्हा ताईबाई ओट्यावर होत्या.

"आज मिलमा गयात नही का भाऊ?" त्यांनी विचारलं. "दुपारभर खोकलतस. काही औषध लेवा."

मी कुलूप उघडलं. मोरीपाशी दोन ताटं धुऊन पालथी घातलेली होती. माझ्या ताटाखालची जमीन अजून ओली होती.