मागच्या सीटवरची

ही गोष्ट मी ऑफिसमध्ये कुणालाच सांगितलेली नाही. कुणी विश्वास ठेवणार नाही, माहीत आहे. पण माझ्या गुडघ्यावरचा व्रण खरा आहे. आणि परवा आलेला फोनही खराच होता.

मी आसावरी. मूळची पुण्याची. नोकरीसाठी बंगळूरला आले, कोरमंगलात पीजीमध्ये राहते.

गेल्या डिसेंबरातला रविवार. कोलारला मैत्रिणीचा साखरपुडा होता. मी एकटीच स्कूटरने गेले होते. परतताना होसकोट्याच्या अलीकडे हायवेवर जॅम लागला, म्हणून आतल्या रस्त्याला वळले. दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती. सुट्टीमुळे चिटपाखरू नाही.

सूर्य मावळत होता.

वळणावर वाळू होती. गाडी घसरली. गुडघा फुटला, मोबाईलचा चुरा झाला, मागचं चाक पंक्चर. दोन गाड्या शेजारून गेल्या. कुणी थांबलं नाही.

शेवटी लंगडत गाडी ढकलायला लागले. पंक्चर गाडी म्हणजे नुसता दगड. रडूच येत होतं.

आणि मग...

गाडी हलकी झाली.

मागून कुणीतरी ढकलत असल्यासारखी.

मी वळून पाहिलं. रस्ता रिकामा. फक्त मागचे दोन्ही फूटरेस्ट उघडलेले होते. मी एकटी आले होते. ते बंद होते.

त्यानंतर मी मागे बघितलं नाही.

भिंती संपल्या तिथे एक बैठं घर होतं, पुढे छोटंसं किराणा दुकान. एक म्हातारे गृहस्थ शटर ओढत होते. मला बघून आत ओरडले, "शकू, पाणी आण गं!"

मराठी! मला हुंदकाच फुटला.

ते गुंडूराव. शकू म्हणजे त्यांची बायको, शकुंतलाबाई. पिढ्यान्पिढ्या इकडेच राहिलेलं मराठी कुटुंब. बाईंनी जखम धुतली, हळद भरली. "स्वल्प झोंबेल हं. सोस." गुंडूरावांनी ओळखीच्या टेम्पोवाल्याला, प्रदीपकुमारला, फोन लावला.

बाई आत जाऊन काफी घेऊन आल्या.

दोन पेले.

"दुसरा कुणाला, अक्का?"

"तुझ्या मैत्रिणीला की. मघापासून गाडीवरच बसलीय. आत का येत नाही ती?"

"मी... एकटीच आलेय."

गुंडूराव दाराशी गेले. बराच वेळ बाहेर बघत राहिले. वळले तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ही टेम्पोत बसली की ती पण बसणार," ते बायकोला हळूच म्हणाले.

मग शकुंतलाबाई उठल्या. त्या उंबऱ्याशी गेल्या आणि लेकीला बोलवावं तसं म्हणाल्या, "बा मगळे. ये, आत ये. बाहेर थंडी आहे. आमच्याकडं राहा."

"अक्का, नको!"

"गप बस," गुंडूराव म्हणाले. "आमचं जगून झालंय पोरी. तुझं व्हायचंय. टेम्पो आला की जा. मागं बघू नको."

बाहेर स्कूटरची सीट करकरली...

थंडगार काहीतरी माझ्या पोटरीला घासून आत गेलं.

आतल्या खोलीत खुर्ची सरकली.

प्रदीपकुमारने मला, माझ्या स्कूटरसकट, पीजीच्या दारात सोडलं. उरलेलं भाडं मागायला त्याने माझा नंबर लिहून घेतला.

पुढच्या महिन्यात मी मिठाई घेऊन भर दुपारी कॅबने तिकडे गेले. दुकान बंद. शकुंतलाबाईंनी दार जरासंच उघडलं. ओळखू येत नव्हत्या, इतक्या वाळलेल्या.

"अण्णा कसे आहेत?"

"पडून असतात." त्यांनी मिठाई घेतली नाही. "तू येऊ नको बाळ. तिला तुझी आठवण येते."

दार बंद झालं.

त्यांचा हात तर दारावर नव्हता.

आणि परवा तो फोन. अनोळखी नंबर.

"मी वासुदेव. गुंडूरावांचा मुलगा. राजाजीनगरला असतो. प्रदीपकुमारनं तुमचा नंबर दिला. बाबा गेले आमचे. आईला माझ्याकडं न्यायला आलोय, पण..." त्याचा आवाज कापत होता. "अहो, तुम्ही तुमची मैत्रीण इथं सोडून गेलाय ना? आई तसंच म्हणते. तिला घेऊन जा हो. ती आईचा हातच सोडत नाही."

मागून शकुंतलाबाईंचा आवाज येत होता. कुणाची तरी समजूत घालणारा.

"नाही गं राणी... मी कुठं जात नाही."

मी फोन कट केला.

तेव्हापासून तो नंबर वाजतोच आहे. त्या दोघांनी माझ्यासाठी काय केलं, ते मला कळतं. दोन्ही रात्री ठरवलं, उद्या उचलायचा.

पण तिला घेऊन मी कुठे जाऊ?