'अनुवेला'वरचा बारावा माणूस

हे खरं आहे. कॉलेजात इंग्रजी शिकवणारा पन्नाशीचा माणूस गंमत म्हणून भुतांच्या अनुभवांच्या पानावर लिहायला बसत नाही. त्याच्याकडे तपासायला पेपर असतात.

मागच्या मार्चमधला मंगळवार. तंजावूर, राजवाड्यामागची आमची गल्ली. दुपारचे तीन. रात्र नव्हती, त्याबद्दल क्षमस्व.

माझे भावजी वरुणराव 'अनुवेला' या तटरक्षक जहाजावर होते. ते जहाज आता निवृत्त होणार होतं. त्याचा सेवा-इतिहास छापायचा होता. काम भावजींकडे आलं, म्हणजे माझ्याकडे आलं. आमच्या घराण्यात अर्ज, लग्नपत्रिका, शोकसंदेश सगळं मीच लिहितो.

गस्ती लिहिल्या. पकडलेले तस्कर लिहिले. तेलगळती, वादळं.

मग एका ओळीवर भावजी थांबले.

"'बारा मच्छीमार वाचवले.' हे खोड, सीतारामा. अकरा लिही."

"सरकारी आकडा कमी करणारे तुम्ही पहिलेच, भावजी."

ते हसले नाहीत.

नऊ वर्षांपूर्वी मल्लिपट्टिणमची एक बोट बुडाली होती. बोटीवर बारा जण. पाण्यातून काढलेल्यांना डेकवर ओळीनं बसवायचं, प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि मोठ्यानं आकडा म्हणायचा, ही भावजींची पद्धत. नुसत्या नजरेनं चूक होते म्हणून.

त्यांनी तीनदा मोजलं.

तीनदा बारा.

शोध थांबला.

धक्क्यावर उतरले... अकरा.

जहाजाचा कोपरान् कोपरा पाहिला. समुद्रात परत गेले. काही नाही. शिवकुमार नावाचा माणूस कागदावर बचावला आणि घरी पोचलाच नाही. त्याची बायको अलमेलू नऊ वर्षं मृत्यूचा दाखला मागत होती. उत्तर एकच... नोंदीत तो जिवंत आहे.

"माझ्या हातानं थांबला तो शोध," भावजी म्हणाले. "शुक्रवारी छापतायत. आकडा बदलायचा तर त्याआधी वाचलेल्यांच्या सह्या आणा म्हणालेत."

म्हणून त्या मंगळवारी ते अकरा जण बसनं आले. अलमेलूही आली. माझ्या बायकोनं, शांभवीनं, सगळ्यांना कॉफी दिली. ते आमच्या तिण्णैवर, म्हणजे घरासमोरच्या ओट्यावर, ओळीनं बसले. मी निवेदन वाचून दाखवलं. 'शिवकुमार आमच्याबरोबर जहाजावर नव्हता.' त्याखाली सह्या करायच्या होत्या.

"एकदा मोजतो," भावजी म्हणाले.

"समोर दिसतायत की!"

"मजला नको शिकवू."

पहिल्या डोक्यावर हात. "एक."

"दोन." "तीन."

कुणीतरी हसलं.

"अकरा."

अकरावा ओळीच्या टोकाला होता. त्याच्यापुढे रिकामी फरशी.

भावजींचा हात पुढे गेला... खाली आला... आणि हवेत थांबला.

बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर.

"बारा."

गल्लीत एक ऑटो हॉर्न वाजवत होती. ती थांबली.

भावजींच्या बोटांवरून... पाणी ठिबकत होतं.

अकरावा माणूस हळूच आत सरकला. जागा करून दिल्यासारखा.

अलमेलू उठली. मला वाटलं, आता रडेल. तिनं त्या हाताखाली बराच वेळ पाहिलं. मग तमिळमध्ये विचारलं,

"केस वाढलेत का, साहेब?"

भावजींची बोटं किंचित हलली.

"हो. मानेवर आलेत."

तिनं माझ्या हातातला कागद घेतला. चार घड्या घातल्या. पिशवीत टाकला.

"सह्या नकोत," म्हणाली. "ह्यांच्या समोर कशा घेऊ?"

शुक्रवारी 'बारा' असंच छापलं. प्रुफं मीच तपासली होती.

परवा भावजींनी सहज माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात कोरडा होता. मी नीट पाहिला.

तरी आत जाऊन शर्ट बदलला.