रुमालाखालचा सौदा

आधी खटकला तो रुमाल. हुबळीच्या जुन्या फळबाजारातली अप्पांची गादी, कुलूप लागल्यापासून धुळीनं माखलेली. तिच्यावर पसरलेला रुमाल मात्र पांढराशुभ्र, नुकताच कुणी झटकून घातल्यासारखा.

सावनी उंबऱ्यातच थबकली. मग स्वतःवरच चिडली. भिंतीवरची देवाची तसबीर काढायची नि अमरगोळला न्यायची, एवढंच तर काम. भर दुपारी भ्यायचं कशाला?

सगळा बाजारच आता अमरगोळच्या नव्या यार्डात गेला होता. तिथं सिमेंटचे गाळे, कर्ण्यावरून उघडा लिलाव, आणि अप्पांच्या गाळ्यात काचेमागं कॉम्प्युटर. त्याच्यापुढं खुर्चीत बसायची थोरली बहीण, दीपश्रीअक्का. रुमालाखालचा व्यवहार बापाच्या, अप्पांच्या मांडीवर बसून शिकली होती ती सावनी! रुमालाआड समोरच्याची बोटं धरली की भाव, मूठ दाबली की 'द्यायचं का?' आणि समोरच्यानं उलट दाबली की सौदा पक्का. मग तो कुणाच्या बापाला मोडता येत नाही. खुर्ची मिळाली मात्र अक्काला.

"बोटांचा जमाना गेला की गं," सकाळी हमालांच्या देखत अक्का म्हणाली होती. "जा, देव घेऊन ये. तेवढं तरी जमेल, का तिथंही मांजर बघून किंचाळशील?"

अक्का हसली त्याचं काही नाही. अप्पाही हसले होते.

तसबीर उतरवून सावनी गादीच्या कडेला टेकली. ओल्या पेंढ्याचा, सडक्या आंब्यांचा गोडूस वास नाकात बसत होता. गल्ली ओस. कुठं कावळासुद्धा ओरडत नव्हता.

"अक्का नसतीच..." ती पुटपुटली, "तर ती खुर्ची माझी होती..."

आणि लहानपणच्या सवयीनं तिचा हात रुमालाखाली सरकला.

तिथं एक हात होता.

कोरडा. गार. भाव सांगायला बोट त्यानं धरलंच नाही, सरळ मूठ दाबली. भीती मनापर्यंत पोचायच्या आत सावनीच्या मुठीनं, शिकवल्याबरहुकूम, ती उलट दाबली...

हात सुटला. रुमाल अलगद खाली बसला.

तिनं तो ओढून फेकला. खाली नुसती गादी.

तसबीर तिथंच टाकून ती धावत सुटली ती कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथपर्यंत.

"एनाय्तव्वा?" बूथवाला घाबरून उठला. "काय झालं?"

तिनं रिसीव्हर ओढला. गाळ्याचा नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. अक्का तर पहिल्या घंटीला उचलायची... पुन्हा फिरवला. पुन्हा नुसतीच घंटी. 'उचल गं अक्का... उचल की...'

शेवटी कुणीतरी उचलला.

"अप्पा? अप्पा, अक्का कुठाय? अक्काला द्या आधी..."

"कोण अक्का?" अप्पा मायेनं हसले. "खुळे, एकुलती एक लेक तू माझी. ये की लवकर... खुर्ची रिकामी पडलीय तुझी."