एकतीस नंबर पहिल्या वळणावर

"गेला! पुन्हा पट्टा गेला!" ब्रायनीचा मित्र जॅस्पर कुंपणावरून ओरडला.

कुरणाच्या पहिल्याच वळणावर रॉयमामाची गाडी थांबली होती. इंजिन जोरजोरात गुरगुरत होतं, पण चाकं जागची हलायला तयार नव्हती. जळक्या रबराचा वास थेट कुंपणापर्यंत आला.

गाडी म्हणजे गवत कापायचं यंत्र, पण पाती काढून शर्यतीसाठी सजवलेलं. ब्रायनीच्या बाबांनी पाच वर्षं खपून घरीच बनवलेलं. बाबा जानेवारीत वारले. तेव्हापासून बारा वर्षांच्या ब्रायनीला कशाचं काही वाटेनासंच झालं होतं. राग नाही, आनंद नाही, काही नाही. आत्ताही तिनं फक्त मनात मोजलं, हा तिसरा पट्टा.

उद्या रविवारी हंगामाची पहिली शर्यत. फर्नफोल्ड गावच्या क्लबचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! जी गाडी पहिली शर्यत पुरी करणार नाही, तिचा नंबर यादीतल्या पुढच्या माणसाला. बाबांचा नंबर एकतीस, आणि त्यासाठी चार जण टपून बसले होते.

रॉयमामा, म्हणजे ब्रायनीच्या आईचा भाऊ, तणतणत खाली उतरला. सगळ्यांनी मिळून गाडी ढकलत शेडपाशी आणली.

"हल्लीचे पट्टेच भिकार!" मामा म्हणाला. "आणखी एक शिल्लक आहे, तो लावू. आधी जरा चहा घेऊन येतो. कशाला हात लावू नका!"

तो दिसेनासा झाल्यावर जॅस्परची मोठी बहीण हेटी म्हणाली, "हात लावू नका म्हणजे काय, कळलं ना?"

"लावा!" जॅस्पर म्हणाला.

"आधी प्लगची वायर काढ, शहाण्या. इंजिन चुकून सुरू झालं तर? बोटं हवीत ना तुला?"

वायर निघाली. तिघं गाडीखाली डोकावले. रचना तशी सोपी होती. इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारा एक रबरी पट्टा. त्याला दाबून ताठ ठेवणारी एक छोटी पुली, एका लोखंडी दांडीवर बसवलेली. पायानं क्लच दाबला की दांडी मागे सरायची, पट्टा सैल पडायचा आणि चाकं मोकळी व्हायची. पाय काढला की स्प्रिंगनं दांडी परत जागेवर.

"जॅस्पर," ब्रायनीनं विचारलं, "गुरुवारी गाडी कुठे थांबली?"

"वळणावर."

"काल?"

"वळणावरच!"

"वळणावर काय भूत बसलंय?" हेटी म्हणाली.

"सुरू करताना आपण ढकलतो, तेव्हा मामा क्लचला पाय लावत नाही," ब्रायनी सावकाश म्हणाली. "पहिल्यांदा दाबतो तो वळणावर. म्हणजे पट्ट्याचा दोष नाही. पट्टा सैल पडतो, पण पुन्हा ताठच होत नाही, म्हणून घसरून जळतो."

तिनं हातानं क्लच दाबला आणि सोडला. दांडी अर्धी परत आली आणि तिथेच अडली.

"अगं बाई! हिला पुढे यायचंच नाहीये!" हेटी ओरडली.

"स्प्रिंग मेली असेल," जॅस्परनं स्प्रिंग काढून ताणली. ती सटकन मिटली आणि त्याच्या बोटाला चिमटा बसला. "आई गं! चांगली जिवंत आहे!"

आता स्प्रिंग नव्हती, तरी दांडी हलवायला ब्रायनीला दोन्ही हातांचा जोर लावावा लागला. हेटीनं टॉर्च मारला. दांडी ज्या बोल्टवर फिरायची, त्याच्याभोवती हिरव्या रंगाचा जाड थर साचला होता.

मार्चमध्ये मामानं सगळी गाडी रंगवली होती. जे जे दिसेल ते ते हिरवं! एक नाही, चांगले तीन हात दिले होते.

ब्रायनीनं बोल्ट काढला, चाकूनं रंग खरवडला, भोक साफ केलं आणि तेलाचा एकच थेंब सोडला. "पट्ट्याला तेल लागू देऊ नका, नाहीतर आणखी घसरेल." मग स्प्रिंग चढवून क्लच दाबला. सोडला.

खट्! दांडी जागेवर आली.

"जमलं!" जॅस्परनं उडीच मारली. ब्रायनीनं मान डोलावली. तिला अजूनही काही वाटलं नाही, आणि आता तरी काहीतरी वाटायला हवं होतं हे तिला कळत होतं.

मागे मामा कप घेऊन उभा होता. जमिनीवर पडलेले हिरवे पापुद्रे त्यानं पाहिले.

"बाबा तिथे रंग लावत नव्हता, मामा," ब्रायनी म्हणाली.

मामा खोक्यावर बसला. "मला दुसरं काही सुचतच नव्हतं गं. त्याच्यासाठी करायला तेवढंच उरलं होतं. थोडा दिला, मग आणखी दिला."

ब्रायनीनं पाना त्याच्या हातात दिला. "नवा पट्टा तू बसव."

रविवारी मामा एकतीस नंबरवर बसला. सव्वीस गाड्या सुटल्या, धूळ उडाली, आणि पहिलं वळण आलं. मामानं क्लच दाबला. गाडी मंदावली.

"सोड! सोड ना क्लच! सोड!"

कुणीतरी किंचाळत होतं. हेटी आणि जॅस्पर आपल्याकडे का बघताहेत, हे ब्रायनीला आधी कळेना. मग कळलं, किंचाळत होती ती स्वतःच. गाडीला हिसका बसला आणि ती वळणातून सुसाट निघाली.

"एकतीस नंबर! अकरावा! शर्यत पुरी!" क्लबच्या प्रमुख पेलिंगबाईंनी निशाण हलवलं. मग त्या आपली जाडजूड वही घेऊन आल्या. "दुरुस्ती कुणाची?"

"या तिघांची," मामा म्हणाला. "बिघाड माझा."

सगळे हसले. पेलिंगबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं या कुरणावर मोठमोठे कारागीर पाहिले. बिघडलं की नवा भाग आणायला पळतात सगळे! खाली वाकून 'का' असं विचारणारे फार थोडे. शाबास, पोरांनो!" त्यांनी पान उलटलं आणि आवाज खाली आणला. "नंबर तुमच्याकडेच राहिला, ब्रायनी. पण इथे तुझ्या बाबांचं नाव आहे. आता कुणाचं लिहू?"

ब्रायनीनं त्या नावाकडे पाहिलं.

"ब्रायनी स्ट्रीटर," ती बसलेल्या घशानं म्हणाली, आणि पाच महिन्यांचं रडू एकदम तिच्यावर कोसळलं.

शाई फिसकटू नये म्हणून पेलिंगबाईंनी वही जरा लांब धरली आणि दुसऱ्या हातानं तिला जवळ घेतलं.